नेरळ ते पाटणचेरू: उघड्या जमिनीवरचा पाऊस

सह्याद्रीच्या पश्चिम पायथ्याशी, नेरळ-कर्जतच्या पट्ट्यात, वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. घाट चढून पुण्यावरून नगरच्या माळापर्यंत गेले की तो पाचशे-साडेपाचशेवर येतो. सरळ रेषेत हे अंतर साधारण दीडशे किलोमीटरचे. पाऊस एवढा घटतो तर मातीची धूपही त्या मानाने घटत असेल, असा समज घेऊन आषाढात या वाटेला लागले तर तो फार काळ टिकत नाही. पश्चिमेला झाडीने झाकलेल्या डोंगरांतून उतरणारे ओहोळ धो धो पावसातही बऱ्यापैकी नितळ असतात. पूर्वेला तासाभराच्या एका सरीनंतर ओढ्याला येणारे पाणी दाट, गढूळ असते. माती किती जाते हे पाऊस किती पडतो यापेक्षा तो कशावर पडतो यावर अधिक ठरते. नेरळहून पुणे, पुरंदर, नगर, उजनी, सोलापूर आणि पुढे हैदराबादच्या वेशीवरच्या पाटणचेरूपर्यंतची वाट ही एक गोष्ट पुन्हा पुन्हा दाखवते. आपल्याकडे मृदसंधारण म्हटले की आधी बांध, चर आणि नाला आठवतो. ही कामे लागतातच, पण माती सुटते ती त्यांच्या कितीतरी आधी, नांगरलेल्या आणि उघड्या ठेवलेल्या शेतात.

पावसाचा मोठा थेंब जमिनीवर आदळतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला नऊ मीटरपर्यंत असतो. शेतावरून पसरून वाहणारे पाणी सेकंदाला एक मीटरही जात नाही. वाहते पाणीच माती कापते, असे बराच काळ मानले जाई. 1940च्या दशकात अमेरिकेत एलिसन या संशोधकाने थेंबाच्या माऱ्याने माती किती उडते हे मोजून दाखवले आणि विचाराची दिशा बदलली. थेंब मातीची ढेकळे फोडतो. फुटलेले बारीक कण छिद्रांत बसतात, वरचा थर लिंपल्यासारखा बंद होतो आणि मुरायचे पाणी वाहू लागते. वाहणारे पाणी मग आयती सुटलेली माती घेऊन जाते. तीत बारीक कण आणि सेंद्रिय अंश जास्त असतात, म्हणून शेतातून गेलेली माती मागे राहिलेल्या मातीपेक्षा कसदार असते. देशभरातल्या धुपीचा 1983 साली प्रसिद्ध झालेला आणि आजही वापरला जाणारा अंदाज वर्षाला हेक्टरी 16 टनांच्या थोडा वर आहे. एकराचा हिशेब केला तर ती साडेसहा टन, म्हणजे ट्रॅक्टरच्या सुमारे दोन ट्रॉल्या भरतील एवढी माती होते. ती सगळ्या एकरावर पसरली तर थर जेमतेम सव्वा मिलिमीटरचा, आणि म्हणूनच ती गेलेली डोळ्यांना दिसत नाही. दख्खनचा बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच्या झिजेतून बोटभर माती तयार व्हायला कित्येक शतके लागतात.

नेरळच्या आसपास जमिनीचे दोन प्रकार एका नजरेत दिसतात. खाली बांधबंदिस्तीची भातखाचरे, वर उताराची वरकस जमीन. वरकसावर ठाकर, कातकरी आणि महादेव कोळी कुटुंबे नाचणी-वरी घेत आली. काही वर्षे पीक, मग काही वर्षे पड असा फेरा होता, आणि पड काळात गवत-झुडपांनी जमीन पुन्हा धरली जाई. जमीन तुटपुंजी झाली तसा पडीचा काळ आखडला आणि उताराची माती उघडी पडली. खालच्या खाचरांची कथा निराळी आहे. तिथे बांध आहेत, पाणी एका खाचरातून दुसऱ्यात संथपणे उतरते, त्यामुळे ही शेती मातीच्या दृष्टीने सुरक्षित वाटते. पण लावणीआधी चिखलणी होते तेव्हा मातीची घडण पूर्ण मोडते आणि खाचरांवरून ओसंडणारे लालसर पाणी तिचा बारीक भाग घेऊन नदीला मिळते. राबासाठी, म्हणजे भातरोपांची जागा भाजण्यासाठी, डोंगरउतारावरून तोडून आणलेला पालापाचोळा आणि फांद्या जाळल्या जातात, तोही उताराचे पांघरूण काढूनच.

याच पट्ट्यात नेरळच्या सगुणा बागेतून चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा भात तंत्र पुढे आणले. गादीवाफे एकदाच करायचे, लोखंडी साच्याने ठरावीक अंतरावर भोके पाडून त्यांत भाताचे बी टोकायचे, चिखलणी नाही आणि लावणीही नाही. कापणीनंतर भाताची मुळे जमिनीतच कुजू द्यायची आणि त्याच वाफ्यावर वाल, हरभरा किंवा मूग घ्यायचा. मुळे कुजल्यावर उरलेल्या पोकळ्यांतून हवा-पाणी खेळते, गांडुळे वाढतात आणि वाफा वर्षागणिक भुसभुशीत होतो. नांगराशिवाय शेती ही कल्पना मराठी शेतकऱ्याच्या मनाला सहज पटत नाही. नांगरट खोल तेवढा शेतकरी मेहनती, असा आपला कौल आहे. त्यामुळे भातासारख्या, चिखलाशिवाय ज्याची कल्पनाही करवत नाही अशा पिकात हा बदल झाला, हे मला या वाटेवरचे सर्वांत मोठे आश्चर्य वाटते.

या पद्धतीवरचा गंभीर आक्षेप तणनाशकाचा आहे. नांगर काढला की तणाचा प्रश्न उभा राहतो आणि त्याचे सोपे उत्तर ग्लायफोसेटसारख्या रसायनात शोधले जाते. आक्षेप खरा आहे, तो झटकून टाकण्यासारखा नाही. पाणवठ्यांशेजारी आणि मजुरांच्या हातांनी होणाऱ्या फवारणीची किंमत पीकउत्पन्नाच्या हिशेबात येत नाही. पण दुसऱ्या बाजूलाही एक वस्तुस्थिती आहे. जमीन उलटीपालटी केली की खोल गाडलेले तणाचे बी वर येऊन उगवते. न हलवलेल्या जमिनीत बी येण्यापूर्वीच तण काढत राहिले तर वरच्या थरातला साठा काही वर्षांत ओसरू लागतो. म्हणजे रसायनाची गरज सुरुवातीला सर्वाधिक असते आणि ती कायमची मानण्याचे कारण नाही. विद्यापीठांनी आणि कृषी खात्याने या मधल्या वर्षांसाठी तण काढण्याची हलकी यंत्रे आणि आच्छादनाची पिके यांवर जोर दिला पाहिजे. चिखलणीकडे परत जाणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

घाटमाथ्यावर मावळात पाऊस आणखी वाढतो, डोंगरउतारांवर सपाटीकरण होऊन जमिनी विकल्या जातात आणि ओढ्यांच्या गाळात बांधकामाच्या मातीचीही भर पडते. तो विषय मोठा आहे आणि शेतीचा नाही. पुणे ओलांडताना हडपसरजवळ मांजरी लागते. कोरडवाहू शेतीचा पद्धतशीर अभ्यास 1923 साली इथे सुरू झाला. आज तिथे दाट वस्ती आहे.

दिवे घाट चढून पुरंदरात शिरले की जमिनीची कातडी पातळ झालेली जाणवते. कऱ्हेच्या खोऱ्यात उतारांवर वीतभर माती आणि खाली मुरूम. जुन्या शेतकऱ्यांनी इथे ताली घातल्या: उतारावर दगड रचायचे, वरून येणारी माती त्यांच्यामागे साठू द्यायची आणि काही वर्षांनी तयार झालेल्या पट्टीवर पेरायचे. ताल ही एका घराची पिढ्यान्‌पिढ्यांची कमाई असे, तिची डागडुजी दर पावसाळ्याआधी होई. 1972च्या दुष्काळात बांधबंदिस्ती सरकारी काम झाली. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने आलेल्या रोजगार हमीच्या कल्पनेला 1977 साली कायद्याचे रूप मिळाले. लाखो हातांनी, त्यांत बाया मोठ्या संख्येने, खडी फोडली, पाझर तलाव खोदले, शेतांत बांध घातले. त्या कामाने माणसे जगली, हे आधी म्हटले पाहिजे. पण बांध मजुरीसाठी घातला गेला, त्या शेतात पुढे काय पेरायचे आणि कसे, याच्याशी त्याचा संबंध राहिला नाही. अनेक ठिकाणी शेतकऱ्याने तो आपला मानलाच नाही. तालीची निगा होई कारण ती त्याची होती. सरकारी बांध फुटला तर सरकारने बांधावा, अशी वाट पाहिली गेली.

पुरंदरमध्येच नायगावला विलासराव साळुंखे यांनी दुष्काळानंतर देवस्थानची सुमारे चाळीस एकर उजाड जमीन कसायला घेतली. उतारावर बांध, खाली पाणी अडवणे, त्याखाली विहीर अशी रचना करून त्यांनी पाणलोटाचा प्रयोग उभा केला आणि त्यातून पाणी पंचायत निघाली. पाण्याचा हक्क जमिनीवर नव्हे तर माणशी, माणसामागे अर्धा एकर भिजेल एवढा, भूमिहीनालाही. आणि उसाला पाणी नाही. ही वाटपाची गोष्ट मातीच्या लेखात का, असे वाटेल. उतार बांधाची हद्द पाळत नाही, हे कारण. वरच्या शेतकऱ्याने जमीन झाकली, पाणी मुरवले तर विहिरीला पाणी खालच्याच्या येते. वरच्याला त्यात वाटा नसेल तर त्याने कष्ट का करावेत? पाण्याचे न्याय्य वाटप मृदसंधारणाच्या मुळाशी असते, हे नायगावने फार आधी ओळखले होते. आज पुरंदरच्या मुरमाड उतारांवर सीताफळ आणि अंजीर दिसतात. शेळी सीताफळाला तोंड लावत नाही, त्याची मुळे वर्षभर माती धरून असतात आणि दरवर्षी नांगर लागत नाही. बाजाराने मिळवून दिलेले हे मृदसंधारण आहे, आणि ते पुष्कळ बांधांपेक्षा टिकाऊ ठरले आहे.

नगर जिल्ह्यातले, आता अहिल्यानगर जिल्ह्यातले, हिवरे बाजार सर्वांच्या ओळखीचे आहे. पाऊस चारशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर 1990च्या दशकात डोंगरांवर सलग समतल चर खोदले गेले, आणि हे चर पाहायलाच बहुतेक लोक तिथे येतात. पण पाहुण्याच्या डोळ्यांत भरते ते चरांमधले गवत. चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी आधी पाळली गेली. जनावरे डोंगरावर सोडायची नाहीत, गवत कापून गोठ्यात न्यायचे, असा नियम झाला. शेतीसाठी कूपनलिका नको, ऊस आणि केळी नकोत, आणि दरवर्षी पावसानंतर पाण्याचा ताळेबंद मांडून कोणते पीक किती हे ग्रामसभेत ठरवायचे, हेही त्यातच आले. चराचे पोट ठरावीक असते. वरचा उतार उघडा राहिला तर काही पावसाळ्यांत ते गाळाने भरते आणि चर संपतो. गवताने मात्र माती सुटूच दिली नाही, म्हणून चर वर्षानुवर्षे मोकळे राहिले आणि पाणी मुरवत राहिले.

यावर म्हटले जाईल की असे गाव एखादेच, तिथे नेतृत्व होते, पाहुणे होते, सरकारचे लक्ष होते; हजारो गावांना ते कसे जमावे? त्यापेक्षा यंत्र लावून नाले खोल-रुंद करावेत, एका उन्हाळ्यात काम दिसते. गेल्या दशकात राज्यात नेमके हेच पुष्कळ झाले. नाल्यात पाणी साठले, काही ठिकाणी विहिरींना आलेही. पण माथ्यापासून पायथ्यापर्यंत असा पाणलोटाचा जो क्रम आहे तो मोडून पायथ्यापासून सुरुवात केली तर वरून येणारा गाळ त्या खोल नाल्यातच बसतो, आणि शेतातून माती जाणे एका टनानेही कमी होत नाही. नाल्याचा खोदकामखर्च कागदावर मोजता येतो. गवताला बिल नसते, कंत्राटदार नसतो आणि उद्घाटनही नसते, म्हणून सरकारी आराखड्यात त्याला जागा मिळत नाही. गावोगावी सरपंच पोपटराव नसतील. पण चराईबंदी पाळणाऱ्या गावाला चारा विकत घेण्याइतके पैसे पहिली तीन वर्षे देणे अवघड नाही. बंदीचा सर्वांत मोठा भार शेळ्या-मेंढ्यांवर जगणाऱ्या घरांवर पडतो, आणि त्यांची सोय न करता केलेली बंदी रात्री मोडतेच.

नगरहून दक्षिणेला उतरले की उजनीचे पाणी लागते. 1980 साली पूर्ण झालेल्या या धरणाची एकूण क्षमता सुमारे 117 टीएमसी, आणि त्यातला निम्म्याहून अधिक, सुमारे 63 टीएमसी, मृतसाठा. एवढा मोठा मृतसाठा असताना गाळाची काळजी कशाला, असे वाटू शकते. गाळ मात्र तळाशी जाऊन बसण्याची वाट पाहत नाही. नदी जिथे जलाशयात शिरून मंद होते तिथेच तो पहिल्यांदा टाकला जातो, म्हणजे वरच्या, उपयोगाच्या साठ्यातही. भीमेच्या खोऱ्यातली, मावळ-मुळशीपासून खेड-शिरूरपर्यंतची माती इथे थबकते. उन्हाळ्यात पाणी हटले की पळसदेवचे जुने देऊळ उघडे पडते आणि काठावर गाळाचे पट्टे दिसतात. राज्याने 2017 पासून धरणांतला गाळ शेतात नेण्याची योजना राबवली. हलक्या, मुरमाड जमिनीवर हा गाळ फार कामाचा आहे, ओल धरण्याची तिची ताकद वाढते. आधीच भारी काळ्या जमिनीवर मात्र तो पसरून उपयोग नाही, निचरा बिघडतो. त्या योजनेला मी विरोध करणार नाही. परंतु शेतातून फुकट गेलेली माती डिझेल जाळून परत आणणे हा धुपीचा खर्च आहे, उपाय नाही, आणि मृदसंधारणाच्या यशाच्या आकड्यांत त्याची बेरीज होऊ नये.

सोलापूरच्या आसपास वाटेवरचा सर्वांत बोलका देखावा आहे. आषाढ-श्रावणात, पावसाच्या ऐन महिन्यांत, मैलोन्‌मैल काळी जमीन मोकळी पडलेली. हा रब्बी ज्वारीचा मुलूख. जवळच मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडीने काढलेली मालदांडी ज्वारी आजही इथल्या भाकरीचे नाव राखून आहे. पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, परतीच्या पावसाच्या ओलीवर. तोवर शेतकरी जमिनीला वखराच्या पाळ्या देत राहतो, तण मारतो, माती मोकळी ठेवतो. म्हणजे थेंबांचा मारा जेव्हा सर्वाधिक असतो तेव्हाच जमिनीवर एक पान नसते. सोलापूरला 1933 साली कोरडवाहू संशोधन केंद्र सुरू झाले आणि शेतातून पाणी किती जाते, माती किती जाते याची देशातली अगदी सुरुवातीची मोजमापे इथे झाली. त्या ज्ञानातून बांधबंदिस्तीची मोठी मोहीम उभी राहिली. 1942च्या मुंबई जमीन सुधारणा कायद्याने काही जमीनधारकांचा विरोध असतानाही पाणलोटभर बांध घालण्याची वाट करून दिली. समपातळीवरचे हे बांध हलक्या आणि मध्यम जमिनीत चांगले चालले. खोल काळ्या जमिनीत मात्र बांधामागे पाणी तुंबले, पीक पिवळे पडले, उन्हाळ्यात मातीला भेगा गेल्या आणि पहिल्या मोठ्या सरीत त्याच भेगांतून बांध फुटले. शेतकऱ्यांनी ते नांगरून काढले तेव्हा त्यांना अडाणी म्हटले गेले. पुढे शास्त्रज्ञांनीच भारी जमिनीसाठी ढाळीच्या बांधांची शिफारस केली, तेव्हा शेतकऱ्यांचे म्हणणे बरोबर ठरले.

म्हणून मोकळ्या जमिनीबद्दलही शेतकऱ्याचे म्हणणे आधी ऐकले पाहिजे, आणि ते भक्कम आहे. ओली काळी माती औताला चिकटते, पावसात तिच्यात पाय घालता येत नाही. जून-जुलैचा पाऊस इथे दगा देतो; खरिपाचे पीक ओल पिऊन टाकेल आणि ज्वारीला काही उरणार नाही, ही भीती अनुभवातून आलेली आहे. आच्छादन करा म्हणावे तर कशाचे? कडबा जनावराचा घास आहे, काही वर्षी दाण्याइतकेच पैसे कडबा देतो. धसकटेसुद्धा वेचून चुलीत जात. यातले काही आता बदलले आहे: गॅस आल्याने धसकटांची चुलीतली गरज घटली आहे, आणि ती शेतात राहिली तर पहिल्या सरींचा मार थोडा तरी झेलतात. पेरणीआधी शेतात छोटे बंदिस्त वाफे पाडले तर पाणी जागच्या जागी मुरते, आणि त्यासाठी पीक घ्यावे लागत नाही. पाऊस वेळेवर आलेल्या वर्षी साठ-सत्तर दिवसांचा मूग किंवा उडीद निघतो, ज्वारीची पेरणी चुकत नाही. मध्यम जमिनीत बाजरी आणि तूर 2:1 ओळींनी घेतली तर बाजरी आधी जमीन झाकते आणि तूर परतीच्या पावसापर्यंत उभी राहते. प्रत्येक शेताला एकच उपाय लागू नाही, हे सोलापूरच्या फुटलेल्या बांधांनीच शिकवले आहे.

हैदराबादच्या रस्त्याला उमरग्याकडे वळले की काळे शेत हिरवे होते. मराठवाड्याच्या या भागात सोयाबीनने खरीप पड बरीचशी संपवली, आणि ते कोणत्याही मृदसंधारण योजनेने नव्हे, भावाने घडवले. तरी सोयाबीन पेरणीनंतर महिना-सव्वा महिना ओळींमधली जमीन उघडीच असते आणि काढणीनंतर मागे फारसे काही उरत नाही. रुंद वरंबा-सरीवर, म्हणजे सध्या बीबीएफ नावाने यंत्रासह पसरत असलेल्या पद्धतीने, पेरलेल्या सोयाबीनला हा धोका कमी. जास्तीचे पाणी सरीतून हळू निघते, वरंब्यात ओल टिकते. ही पद्धत ज्या प्रयोगांतून घडली ते याच महामार्गावर पाटणचेरूला, इक्रिसॅट या कोरडवाहू संशोधन संस्थेच्या काळ्या जमिनीवर, 1976 पासून चालू आहेत. एका पाणलोटात जुनी रीत ठेवली: पावसाळ्यात जमीन पड, रब्बीत पीक. दुसऱ्यात रुंद वरंबा-सरी, खरिपात ज्वारी-तूर मिश्रपीक, खते आणि सुधारित वाण. तीन दशकांच्या सरासरीत जुन्या रीतीत हेक्टरी 6.4 टन माती दरवर्षी गेली, नव्या रीतीत 1.5 टन. उत्पन्न हेक्टरी 1.1 टनावरून 5.1 टनांवर गेले.

या आकड्यांवर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही रास्त आहेत. उत्पन्नातली सगळी वाढ जमीन झाकण्याची नाही, खत आणि वाणाचाही वाटा आहे. आणि पाटणचेरूचा पाऊस सोलापूरपेक्षा जास्त आणि भरवशाचा आहे. पहिल्या आक्षेपाने मातीचा आकडा बदलत नाही. उलट पीक जोमदार आले म्हणूनच जमीन लवकर झाकली गेली. खत आणि मृदसंधारण यांना दोन खाती, दोन कार्यालये आणि दोन वेगळी अनुदाने करून पाहणे ही आपली चूक आहे. दुसऱ्या आक्षेपाने प्रश्न सोलापूरच्या शेताकडे परत येतो. तिथे मुगाचे पीक तीन वर्षांतून एकदा बुडणार हे धरून चालले पाहिजे, आणि त्या एका वर्षाचे बियाणे, मजुरी आणि ज्वारीतली घट कोण सोसणार, हे ठरले पाहिजे. आज ती जोखीम एकट्या शेतकऱ्यावर आहे, तर वाचलेल्या मातीचा फायदा उजनीपासून खालच्या विहिरीपर्यंत सर्वांचा. ज्याने एका वर्षाच्या बटईने जमीन कसायला घेतली आहे त्याला तर पुढच्या वर्षीच्या मातीशी देणेघेणे ठेवण्याचे कारणच उरत नाही. पीकविम्यात खरिपातल्या आच्छादन पिकाला जागा देणे आणि बटईचे करार निदान चार-पाच वर्षांचे होतील अशी व्यवस्था करणे, या दोन गोष्टींना एका मोठ्या नालाखोलीकरणाच्या मोहिमेपेक्षा कमी पैसा लागेल.